रिजेक्शनचं रजिस्टर नुसतं भरू नकोस, वाच की

तुझं पत्र दोनदा वाचलं. खानापूरहून सकाळची बस पकडून बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून पार्ट बनवायच्या कारखान्यात, येतोस, बी.ई. मेकॅनिकल झाल्यावर वर्षाची अप्रेंटिसशिप घेतलीस, आता पाच महिने झाले आणि काम काय तर रोज रिजेक्शनचं, म्हणजे बाद झालेल्या पिसांचं, रजिस्टर भरायचं. वर्गातली पोरं पुण्या-बेंगलोरला गेली, आई म्हणते "एवढं शिकवून भट्टीवरच जायचं होतं काय", आणि तू विचारतोस सोडून पुण्याला डिझाइनचा कोर्स लावू का.

आत्ता सोडू नकोस. कोर्स सात महिन्यांनीपण मिळतो, पण फाउंड्रीत वर्षभर आत बसून बघायला परत कोण देणार?

मीपण असंच एक वर्ष काढलंय, मला साच्याची वाळू तपासायच्या सँड लॅबमध्ये टाकलेलं. पहिले तीन महिने कोण काय शिकवलं नाही, नुसतं मॉइश्चरचा, म्हणजे वाळूत पाणी किती टक्के त्याचा, आकडा लिहायचा, साडेतीन, चार, परत साडेतीन, आणि मलापण वाटायचं आपलं वर्ष वाया चाललं. वाळूचे साचे करणारे एक म्हातारे मोल्डर होते, ते मूठभर वाळू घेऊन दाबायचे, गोळा दोन्ही हातांनी मोडायचे आणि मोडलेली कड बघून सांगायचे, आज पाणी जास्त झालंय. मी मशीनवर बघायचो, खरंच जास्त असायचं! मग एक दिवस माझा आकडा आणि क्वालिटीचं रजिस्टर शेजारी ठेवून बघितलं तर ज्या दिवशी पाणी जास्त त्या दिवशी ब्लो होल, म्हणजे पीसमधली वाफेची भोकं, जास्त. पुस्तकात हे वाचलेलं होतंच, पाण्याची वाफ होते, वाळूतून बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या पीसमध्ये, अडकते, पण ते खरं कळलं त्या दिवशी.

तुझ्या हातात तर त्या फाउंड्रीचं सगळ्यात महागडं रजिस्टर आहे रे. मागच्या तीन महिन्यांचं घे आणि एकच पार्ट निवड, सगळे नको. दोष कुठला, कुठल्या शिफ्टला, कुठल्या हीटला (भट्टीच्या कुठल्या वितळणीला), मोल्ड म्हणजे साचा लेडलमधून (लोखंड ओतायच्या भांड्यातून) पहिला ओतलेला की शेवटचा, एवढं वेगळ्या वहीत काढ. धातू अर्धवट भरलेले पीस शेवटच्या मोल्डांतच जास्त निघाले तर लेडलमध्ये लोखंड गार होत असेल असा संशय घ्यायला जागा आहे, पण लगेच निकाल देऊ नकोस, आधी ओतणाऱ्या माणसाला जाऊन विचार. आणि विचारताना कन्नडमध्ये विचार, मोडकी असली तरी चालते. आपल्याकडची मराठी मिडियमची पोरं इथंच अडखळतात, साहेबाशी इंग्लिश नीट येत नाही म्हणून गप्प आणि कामगारांशी कन्नड येत नाही म्हणूनपण गप्प, आणि वर्ष तसंच निघून जातं. मला याचं फार वाईट वाटतं.

वही झाली की क्वालिटीच्या साहेबांकडे एक पान घेऊन जा आणि सांग, सर मला एक महिना मोल्डिंगला आणि एक महिना मेल्टिंगला द्या. नुसतं "मला शिकवा" म्हटलं तर कोण लक्ष देत नाही, पान दाखवलास तर बघतील. तरी नाही म्हटले तर लेखी अर्ज दे, कारण अप्रेंटिस म्हणजे ट्रेनिंगला आलेला माणूस, 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात तेच आहे. तुझा करार एनएटीएसच्या (सरकारच्या अप्रेंटिस योजनेच्या) पोर्टलवर चढलाय काय ते याच आठवड्यात बघ, करार नसला तर शेवटी सर्टिफिकेटला अडचण येते. स्टायपेंडपण तपास, 2019 च्या नियमांत डिग्रीवाल्याला महिन्याला किमान 9000 रुपये धरलेले, त्याच्या खाली देत असतील तर ते चूक आहे.

डिझाइनचं म्हणशील तर सॉफ्टवेअर संध्याकाळी घरी शिकता येतं, पण कुठल्या कोपऱ्यात लोखंड शेवटी गोठतं आणि तिथं पोकळी पडते हे माहीत असलेला डिझायनर वेगळाच असतो, इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत कळतं.

आईंचं चुकत नाही, त्यांना धूर दिसतो, काम दिसत नाही. परवानगी मिळाली तर एखादा रिजेक्ट पीस घरी ने, कापून आतली पोकळी दाखव आणि ती कशामुळं झाली ते त्यांना मराठीत समजावून सांग. तुला सांगता आलं नाही तर कुठं अडलास ते मला कळव, वहीच्या पहिल्या पानाचा फोटोपण पाठव, आपण बघूया.