निशिगंध आणि जरबेरासाठी फुलदाणी: आधी तोंड बघा

दर आठवड्याला निशिगंध आणि जरबेरा आणता, तर फुलदाणी काचेची घ्यावी की पितळेची, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ते नंतर ठरवा, आधी तिचं तोंड बघा.

दुकानात पसरट तोंडाची फुलदाणी फार देखणी दिसते. घरी आणून पाच-सहा दांडे ठेवले की ते चहूबाजूंना कलंडतात आणि मधे खड्डा पडतो. ती भरायची तर दर वेळी तीन-चार जुड्या घ्याव्या लागतील. तोंड चार-पाच सेंटीमीटर, पोट फुगीर आणि बूड जड असेल, तर एक जुडी निशिगंधही ऐटीत उभा राहतो. बाटली धुवायचा ब्रश मात्र आत गेलाच पाहिजे. तळाशी बुळबुळीत थर राहिला की नवं पाणी लगेच नासतं आणि फुलं लवकर माना टाकतात. घरात जुना पितळी तांब्या असेल तर आधी तोच वापरून बघा. आखूड कापलेल्या दांड्यांना त्याच्याइतकं छान भांडं विकत मिळणं कठीण!

उंचीचं म्हणाल तर फुलदाणीच्या दीड ते दोन पट फुलं वर दिसावीत. निशिगंधाचे दांडे लांब असतात, त्याला पंचवीस-तीस सेंटीमीटरची घ्या.

जरबेराला वेगळी, उंच आणि निमुळती घ्या. त्याचा दांडा मऊ आणि लवदार, खोल पाण्यात लगेच सडतो. पाच-सात सेंटीमीटर पाणी पुरे, पण ते रोज बघायला हवं, म्हणून इथे मी काचच सुचवेन. पाणी गढूळ झालेलंही तिच्यात लगेच कळतं. फूल जड असल्यामुळे दांड्याला वरपर्यंत आधार लागतो, तो निमुळत्या गळ्यामुळे मिळतो.

पितळेच्या भांड्यात फुलं टिकवायची पावडर किंवा लिंबू-साखर घालू नका, आम्लाने धातू खराब होतो. साधं पाणी ठेवा, नाहीतर आत काचेचा ग्लास बसवा. बिनझिलईच्या मातीच्या फुलदाणीतही असा ग्लास बसवा, कारण ती पाझरते आणि लाकडी टेबलावर डाग पडतो.

निशिगंध खालून वर उमलत जातो. सुकलेली फुलं रोज खुडलीत आणि दांडा दोन दिवसांआड थोडा तिरका कापलात, तर वरच्या बऱ्याच कळ्या उमलतील. पंख्याच्या थेट वाऱ्यात आणि पिकलेल्या केळ्यांजवळ मात्र ठेवू नका.