कोकणातील ज्यू वारसा पाहायला गटाने जावे का?

आपण वीस जण मिळून तीन दिवसांत कोकणातील ज्यूंचा इतिहास आणि त्या वाटेवरची प्राचीन स्थळे पाहणार आहात, आणि काय पाहावे व संयोजकाबरोबर जावे की स्वतंत्रपणे, असे आपण विचारले आहे. मी स्वतः बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी बोलणारा ज्यू आहे, ठाण्यात राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे, आणि गेल्या डिसेंबरमध्ये अशाच एका सहलीच्या बसमधून भर रस्त्यात उतरून गेलेला माणूस आहे. तेव्हा माझे उत्तर तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या सहलीत चोवीस जण होते. नऊ जण इस्रायलहून आलेले, मराठी आईबापांची मुले-नातवंडे. उरलेले पुण्या-मुंबईचे इतिहासप्रेमी. पहिला दिवस मुंबईत गेला. मांडवीतील १७९६ चे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, संयोजकांनी वीस मिनिटांत उरकले आणि भायखळा व फोर्ट येथील सिनेगॉगांना मात्र सगळी दुपार दिली. भायखळ्याचे सिनेगॉग १८६० च्या दशकातले आणि फोर्टमधील, निळे सिनेगॉग म्हणून प्रसिद्ध असलेले, १८८४ चे. दोन्ही देखणी आहेत, अवश्य पाहावीत. पण ती ससून घराण्याने, म्हणजे बगदादी ज्यूंनी बांधलेली आहेत. त्यांची घरची भाषा अरबी होती, ते एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आले आणि आम्हांला बरोबरीचे मानायला त्यांच्यापैकी अनेक जण तयार नव्हते. ही वास्तू पाहून कोकणातील ज्यूंचा इतिहास पाहिला असे कोणी म्हणत असेल, तर त्याने ताजमहाल हॉटेल पाहून गिरणगाव पाहिला असेही म्हणावे. मांडवीचे सिनेगॉग आमच्या सॅम्युएल दिवेकरांनी बांधले. ते ब्रिटिशांच्या सैन्यात होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले होते आणि दिवे हे त्यांच्या घराण्याचे गाव. आमचे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे जुने लोक सांगतात. हे सगळे वीस मिनिटांत सांगून होत नाही.

दुसऱ्या दिवशी अलिबागच्या बाजूला गेलो. नवगावच्या दफनभूमीत उभे राहून मार्गदर्शकाने नेहमीची कथा सांगितली. इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, वाहून आलेली प्रेते येथे पुरली, आणि त्या सात जोडप्यांचा वंश म्हणजे बेने इस्रायल. ही कथा मी आईच्या मांडीवर ऐकलेली आहे आणि ती मला प्रिय आहे. परंतु त्याने ती तारखेसह, जणू गॅझेटात छापून आलेली नोंद आहे अशा थाटात सांगितली, तेव्हा मी मध्येच बोललो. त्या जहाजाचा किंवा त्या वर्षाचा कोणताही लेखी पुरावा नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीझ हा ज्यू तत्त्वज्ञ एका पत्रात लिहितो की हिंदुस्थानातील ज्यूंना शास्त्र ठाऊक नाही, ते फक्त शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळी लागणारा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. ते वर्णन आम्हांला तंतोतंत लागू पडते, पण तोही कोकणाचे नाव घेत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात आमच्यात मध्यपूर्वेतील ज्यू आणि येथील भारतीय, अशा दोन्ही पूर्वजांचा अंश आढळला. म्हणजे आम्ही बाहेरून आलो हेही खरे आणि येथलेच झालो हेही खरे. वर्ष मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये.

मी एवढे बोलल्यावर इस्रायलहून आलेली मंडळी गप्प झाली, आणि त्याचे कारण मला ठाऊक होते. माझे थोरले बंधू १९७४ मध्ये इस्रायलमधील अश्दोदला गेले, आणि याच विषयावर गेली चाळीस वर्षे आम्ही दोघे फोनवर भांडत आलो आहोत. दादाला ते वर्ष हवे असते. तो तिथे पोहोचला तेव्हा १९६२ नंतरच्या गोष्टी ताज्या होत्या. बेने इस्रायली मुलामुलीचे लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात, असा आदेश तिथल्या धर्मपीठाने काढला होता आणि १९६४ मध्ये लोकांनी धरणे धरून तो बदलायला लावला होता. ज्याला आपण कोण हे सिद्ध करायला लावले जाते, त्याला सातच्या जागी साडेसहा जोडपी चालत नाहीत. हे मी समजू शकतो. मला न समजणारी गोष्ट वेगळी होती. दादा जहाजाबद्दल तासभर बोलत असे, पण तेलाच्या घाण्याचे नाव काढले की म्हणत असे, "आपल्या घरात घाणा नव्हताच. आजोबांची शेती होती. घाणा शेजाऱ्यांचा."

आपल्याला ठाऊक असेलच की कोकणात आम्हांला शनवार तेली म्हणत. तेल गाळायचे आणि शनिवारी बैलही घाण्याला जुंपायचा नाही, म्हणून शनवार तेली. मार्गदर्शक मंडळी हे नाव गमतीने सांगतात आणि ऐकणारे हसतात. माझ्या मते आमच्या इतिहासातील सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, कारण ते नाव आम्ही स्वतःला दिलेले नाही. हिब्रू विसरलेले, धर्मग्रंथ हाताशी नसलेले लोक आठवड्यातून एक दिवस कमाई बुडवून घाणा थांबवत होते आणि शेजाऱ्यांच्या ते इतके अंगवळणी पडले होते की त्यावरून त्यांनी जात ओळखली. पण शाळेत मुले "शनवार तेली, शनवार तेली" म्हणून चिडवत, आणि दादाने ते माझ्यापेक्षा जास्त सोसले असावे.

त्या दिवशी अलिबागच्या इस्रायल आळीतील सिनेगॉग आणि रेवदंड्याचे सिनेगॉग पाहिले. खंडाळे गावाजवळ एक कातळ आहे. प्रेषित एलियाहू हनाबी रथातून स्वर्गात गेले तेव्हा तेथे टेकले आणि घोड्यांच्या टापा उमटल्या, अशी आमची श्रद्धा आहे, आणि नवस फेडायला लोक तेथे जातात. मलिदा करायचे ठरले होते, पण उशीर झाला म्हणून ते हॉटेलच्या जेवणघरात उरकले. पोहे, खवलेले ओले खोबरे, साखर आणि वर फळे, एवढा तो साधा प्रकार. पण तो त्या कातळापाशी आणि हॉटेलच्या बुफेच्या टेबलावर सारखा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुड्याची लेणी पाहिली. ती बौद्ध लेणी आहेत, ज्यूंशी त्यांचा संबंध नाही, आणि तरीही तुमच्या यादीत ती असावीत असा माझा आग्रह आहे. मांदाडच्या खाडीवर डोंगरात सव्वीस लेणी आहेत, बहुतेक इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील, आणि भिंतींवर दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख आहेत. त्यात एक माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे, एक वैद्य आहे. नावापुढे धंदा कोरलेला आहे. कोणाला त्याची लाज वाटलेली दिसत नाही. समोरच्या खाडीतून आणि वर चौलच्या बंदरातून ग्रीक, अरब, ज्यू असा सगळा व्यापार चालत असे. आमचे पूर्वज जहाज फुटून आले की सरळ उतरून आले, ते याच किनाऱ्यावर आले. तेथे उभा असताना माझ्या मनात एवढेच आले की माळ्याचे नाव दोन हजार वर्षे दगडावर राहते आणि आम्ही मात्र तीन पिढ्यांत घाणा नाकारतो.

आमचे गाव तेथून रोह्याकडे जाताना मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. गावाचे नाव देत नाही. आमची आडनावे गावांवरूनच पडलेली असल्यामुळे गाव सांगितले की माणूस सांगितल्यासारखेच होते. तेथे अर्धा तास थांबण्याचे सहलीच्या पत्रकात लिहिलेले होते. फाट्यावर संयोजक म्हणाले की जेवण दीड वाजताचे आहे, तिकडे पाहण्यासारखे काही नाही, फोटो घ्यायचा तर फाट्यावरच्या पाटीचा घ्या. मी बस थांबवायला सांगितली आणि उतरलो. माझ्या मागोमाग दादाची नात उतरली. वय वर्षे बावीस, मराठी मोडके, पायात सैन्यातले बूट. विक्रम रिक्षा मिळाली आणि आम्ही दोघे गावात गेलो.

आमचे घर १९५३ मध्ये विकले गेले. मी त्यानंतर ठाण्यात जन्मलो. जोते शिल्लक आहे. त्यावर आता दुसऱ्यांचे सिमेंटचे घर आहे. परसात फणसाखाली एक दगडी उखळ अर्धवट जमिनीत गेलेले होते, कमरेएवढ्या रुंदीचे, आत पावसाचे जुने पाणी आणि कुजलेली पाने. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना मी विचारले, हे काय आहे. त्या म्हणाल्या, "ह्यो शनवार तेल्यांचा घाना. लाकडाची लाट कवाच चुलीत गेली. ह्यो दगड कुनाला हलला न्हाय, म्हनून ऱ्हायला." मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी घरातून पाट आणून दिला आणि सासूबाईंकडून ऐकलेले सांगितले: घाण्याचा बैल शनिवारी दारात बांधलेला दिसला की पोरांना आज शनिवार हे कळत असे. नातीने पाने हाताने काढली, पाणी उपसले आणि आतली भिंत बोटांनी चाचपली. ती काचेसारखी गुळगुळीत होती. कोणत्याही सिनेगॉगमध्ये तिला मी इतका वेळ हात लावून पाहताना पाहिले नव्हते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. गटाने जावे, पण वीस जणांचा गट मोठा आहे. खेड्यात बारा जणांपेक्षा जास्त माणसे एका अंगणात मावत नाहीत आणि घरच्या बाया घाबरतात. संयोजकाला आधी एकच प्रश्न विचारावा: किती गावांत थांबणार? तो सिनेगॉगांची संख्या सांगू लागला, तर दुसरा पाहावा. आमची शंभराहून अधिक आडनावे रायगड जिल्ह्यातील गावांची आहेत. किहीमकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर. यांपैकी दोन गावे निवडून प्रत्येकी अर्धा दिवस द्यावा. मुंबईत फक्त मांडवी आणि वेळ उरला तर भायखळा. दुसऱ्या दिवशी नवगाव, अलिबाग, चौल आणि रेवदंडा. तिसऱ्या दिवशी कुडे आणि परतताना पेण किंवा पनवेलचे सिनेगॉग. कोर्लईचा किल्ला सुंदर आहे, पण तो पोर्तुगीजांचा विषय आहे, पुन्हा केव्हातरी पाहा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगतो. शनिवारी आणि सणांच्या दिवशी सिनेगॉग पाहायला जाऊ नये. मुंबईत २००८ च्या हल्ल्यानंतर सुरक्षा कडक आहे. आधी परवानगी घ्यावी, प्रत्येकाने ओळखपत्र ठेवावे, पुरुषांनी डोके झाकावे. दफनभूमीत डबे उघडू नयेत आणि बाहेर आल्यावर हात धुवावेत. गेटवेवरून मांडव्याला जाणारी बोट पावसाळ्यात बंद असते. आम्हांला "हरवलेली जमात" म्हणू नये. आम्ही हरवलो नव्हतो, अलिबागेत होतो. आणि संयोजकांवर मी फार कठोर झालो असेन. चोवीस जणांना वेळेवर जेवू घालणे हेही काम आहे, आणि मी उतरल्यामुळे बस पाऊण तास खोळंबली, त्याबद्दल मी नंतर सर्वांची माफी मागितली. मी इतिहासकार नाही, हेही लक्षात असू द्यावे.

त्या रात्री नातीने दगडाचे छायाचित्र आजोबांना पाठवले. चार दिवस उत्तर आले नाही. शुक्रवारी दुपारी नेहमीप्रमाणे दादाचा फोन आला. प्रकृतीची, हवेची, नातवंडांची चौकशी झाली, आणि मग त्याने विचारले, "काठाचा एक टवका उडालेला आहे ना, विहिरीच्या बाजूला?" मी छायाचित्र मोठे करून पाहिले. टवका होता. दादा म्हणाला, "मी पहार मारली होती. बाबांनी त्या दिवशी मला जेवू दिले नाही." शेजाऱ्यांच्या घाण्याला पहार मारली म्हणून बाबा कशाला उपाशी ठेवतील, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला की इकडे शब्बाथाची तयारी करायची आहे, आणि त्याने फोन ठेवला.