मूठ वळेना, वेचणी तोंडावर आली

प्रश्न : वय ५१, जिंतूर तालुका, चार एकर कोरडवाहू. दोन वर्षांपासून दोन्ही हातांना आमवात. सकाळी तासभर बोटं वळतच नाहीत. शिबिरात पकड मोजायचं एक यंत्र दाबायला दिलं, उजव्या हाताचा आकडा ९ किलो आला. पोरानं कडक रबरी चेंडू आणून दिला, पण तो दाबला की रात्रभर बोटं ठणकू लागली. आठवड्याची गोळी घेतली की मळमळतं, म्हणून कापूस वेचणीच्या दिवसांत मी ती बंद ठेवते. हाताची पकड परत येईल का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना आईचे हात डोळ्यांपुढे आले. तिलाही हाच आजार होता आणि डब्याचं झाकण उघडायला ती आम्हाला हाक मारायची. आज बावीस वर्षं मी फिजिओथेरपी करते आहे, त्याची सुरुवात तिथंच झाली.

तो चेंडू आधी बाजूला ठेवा. सांधा सुजलेला आणि गरम असताना कडक वस्तू आवळली की सगळा भार बोटांच्या त्याच दुखऱ्या सांध्यांवर येतो. तुमचा आकडा कमी आला तो एवढ्यानं नाही की स्नायू अशक्त झालेत. सुजेमुळे बोटं पुरती मिटत नाहीत आणि दुखू लागलं की शरीर आपणहून जोर आवरतं. म्हणून पकडीचा पहिला उपाय म्हणजे सूज उतरवणं, आणि ते काम ती गोळी करते. मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकूनही रोज नाही. मळमळीचं डॉक्टरांना सांगा. त्यासाठी फॉलिक अॅसिड देतात, कधी मात्रा बदलतात. वेचणीत हाताला सगळ्यात जास्त काम असतं आणि नेमकी तेव्हाच तुम्ही गोळी बंद करता, याचं मला फार वाईट वाटलं.

सूज ओसरली की व्यायाम जरूर करा. ब्रिटनमध्ये आमवाताच्या ४९० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचाराला हातांच्या ठरवून दिलेल्या व्यायामाची जोड दिली, तेव्हा वर्षभरानंतर हातांचं काम जास्त सुधारलेलं दिसलं, आणि व्यायामानं दुखणं वाढलं नाही. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं सावकाश मिटा, उघडा. मग ज्वारीच्या मऊ मळलेल्या पिठाचा गोळा घेऊन हलकेच दाबा. व्यायामानंतरचा ठणका दोन तासांवर राहिला, तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करा.

आता वेचणीचं. त्या यंत्रानं मोजली ती मूठ. बोंडातून कापूस ओढायला लागते चिमटी, तिचं माप वेगळं. तुमच्या अंगठ्याच्या बुडाशी दुखतं का, हे पत्रात नाही. दुखत असेल तर अंगठ्याला आधाराचा पट्टा मिळतो, तो डॉक्टरांना दाखवून घ्या. वेचताना एकाच हातावर सगळं काम टाकू नका, अर्ध्या तासानं बोटं मोकळी सोडा. खुरप्याच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. जाड मूठ धरायला कमी आवळावं लागतं. कळशी बोटांत लटकवू नका, दोन्ही हातांनी कवटाळून आणा. आणि फिरकीचं झाकण? त्यावर तळवा ठेवून उजव्या हातानं उघडा, डाव्यानं लावा. असं केलं की बोटं अंगठ्याच्या बाजूला वळतात. आमवातात ती करंगळीकडं झुकू लागतात, त्या बाजूचा ताण यानं टळतो.

पकड पुन्हा मोजायची असेल तर शिबिरातल्या त्या यंत्राशिवायही जमतं. आरोग्य केंद्रात काट्याचं किंवा पाऱ्याचं बीपीचं यंत्र असतं. त्याचा पट्टा दंडाला न बांधता त्याचीच गुंडाळी करून २० पर्यंत हवा भरायला सांगा, खुर्चीत बसून, कोपर काटकोनात ठेवून ती गुंडाळी मुठीत तीनदा दाबा, दर वेळी यंत्रावर आकडा किती चढतो ते बघा आणि तिन्हींची सरासरी वहीत लिहा. दर वेळी वेळ एकच ठेवा, कारण सकाळी पकड कमीच भरते. वेचणीआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे मला कळवा. सोबत गोळी किती वेळा चुकली, तेही लिहा.