परेडला पोरं टिकवायची कशी?

यावेळी एनसीसीवरची तीन पत्रं आली, ती एकत्रच घेतो. बावीस वर्षं शाळेत ट्रूप, म्हणजे एनसीसीची तुकडी, सांभाळला, त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो, ते सांभाळून घ्या.

प्रश्न: सर नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात शिकवतो. गेल्या वर्षी कामठीचा एनसीसी अधिकाऱ्यांचा कोर्स करून आलो आणि ट्रूप माझ्याकडे आला. मंगळवार-शुक्रवार शाळा सुटल्यावर साडेपाच ते सात परेड असते. जूनमध्ये ५० पोरं होती, दिवाळीनंतर ३० पण येईनात. ड्रिल, मग वर्गात लेक्चर, मग नाश्ता, एवढंच चालतं. पीआय स्टाफ (लष्कराकडून येणारे प्रशिक्षक) महिन्यातून एखाद्या वेळी येतात. पोरं म्हणतात बोअर होतं. सिलॅबस पण संपवायचाय. काय करू?

उत्तर: सर, तिसाच्या आसपास पोरं येतायत म्हणजे फार वाईट नाहीये. माझ्याकडे एका पावसाळ्यात ११ पोरांवर परेड झालीय आणि त्यातली चार तर नुसती वडापावसाठी आलेली. नाश्त्यासाठी येणाऱ्या पोराला नावं ठेवू नका, तो येतो तरी.

तुमचं गणित चुकतंय ते क्रमात. पाऊण तास सावधान-विश्राम, पाय दुखायला लागले की वर्गात न्यायचं, फळ्यावर धड्याचं नाव लिहायचं आणि बोलत सुटायचं. दिवसभर बाकावर बसलेलं पोर संध्याकाळी परत बाकावर कशाला बसेल? मी पण पहिली तीन वर्षं हेच केलं, कारण उस्तादांना, म्हणजे लष्करी प्रशिक्षकांना, करताना बघितलेलं तेवढंच येत होतं. नंतर एकच बदल केला, आधी पोरांपुढे कोडं टाकायचं, ती अडली की मग धडा काढायचा. सिलॅबस तोच राहतो, उलट लवकर संपतो.

उदाहरणार्थ अंतराचा अंदाज घ्यायचा धडा घ्या. पद्धती तुम्हाला माहीतच आहेत, १०० मीटरचा तुकडा डोळ्यासमोर धरून तो किती वेळा बसतो ते बघायचं, अर्ध्या अंतराचा अंदाज घेऊन दुप्पट करायची, जास्तीत जास्त आणि कमीत कमी धरून मधला आकडा काढायचा, नाहीतर अख्ख्या सेक्शनची (ट्रूपमधल्या छोट्या गटाची) सरासरी घ्यायची. हे फळ्यावर सांगितलं की पोरं जांभया देतात. त्यापेक्षा फॉल-इन झालं, पोरं रांगेत उभी राहिली, की मैदानावरून दिसणारी पाण्याची टाकी दाखवा आणि म्हणा चिठ्ठीवर अंतर लिहा, बोलायचं नाही. एक लिहील १५०, एक लिहील ८००, आणि दोघांनाही पक्की खात्री असते. मग सेक्शनवार सरासरी काढायला लावा आणि सांगा की आता चालत मोजून या. इथे पोरं अडतात, कारण स्वतःचं पाऊल केवढं हेच कुणाला माहीत नसतं. ड्रिलचं पाऊल ३० इंचांचं, म्हणजे १०० मीटरला साधारण १३१ पावलं, पण आठवीतल्या बुटक्या पोराची दीडशेच्या वर जातात. तेव्हा टेप लावून ५० मीटर आखा, प्रत्येकानं तीनदा चालून स्वतःचा आकडा काढायचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. मग टाकी. परत आल्यावर कुणाचा सेक्शन जवळ आला यावर एवढा कल्ला होतो की शिट्टी मारावी लागते, आणि त्या कल्ल्यातच दहा मिनिटांत सगळ्या पद्धती सांगून होतात, झोप यायला वेळच नाही.

ड्रिल वीस मिनिटांपेक्षा जास्त नेऊ नका, आणि ती पण एकदम नको, दहा सुरुवातीला, दहा शेवटी. शेवटच्या दहात गाळणी खेळा, म्हणजे कॉशन (ड्रिलचे हुकूम) भराभर द्यायचे, जो चुकला तो बाहेर, आणि बाहेर गेलेल्यांनीच पुढच्या चुका पकडायच्या. एरवी ‘पीछे मुड’ला डुलणारं पोर गाळणीत खांबासारखं उभं राहतं बघा.

दिवाळीनंतर तुमच्याकडे सहा वाजताच दिवे लागायची वेळ होते, साडेसहाला अंधार. त्याचं रडगाणं गाऊ नका, वापरा. उत्तर दिशा शोधायचा धडा असतोच. दिवाळीनंतरच्या संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, ते आपल्याकडे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी चांगले दिसतात, त्यामुळे पुस्तकातली आकृती घेऊन उभं राहिलात तर फजिती होईल (माझी झालीय, पोरांसमोर). या दिवसांत उत्तरेला शर्मिष्ठा हा तारकासमूह शोधा, इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखी, तिच्यावरून खाली ध्रुव. आणि पोरं ध्रुव शोधताना मान मोडेपर्यंत वर बघतात, तर तो असतो खाली. आपण साधारण १७ अक्षांशावर, म्हणून ध्रुव क्षितिजापासून साधारण १७ अंश वर. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची होते, म्हणजे पावणेदोन मुठी. पोरांना मुठीवर मूठ ठेवून मोजायला लावा, तारा बरोबर तिथे सापडला की जो ‘आईशप्पथ’ असा आवाज येतो तो ऐकायला मी आजही परेडला जाईन. घड्याळाच्या काट्यावरून दिशा काढायची युक्ती मात्र आपल्याकडे बेतानं सांगा, मे-जूनमध्ये सूर्य दुपारी जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा ती पार गंडते.

तुमचं गाव कृष्णाकाठचं आहे म्हणून एक खास सांगतो. आपत्ती व्यवस्थापनाचा धडा वाचून दाखवूच नका. दोन घमेली वाळू, लाकडाचा भुसा, रांगोळी, काडेपेटीची खोकी आणा आणि पोरांना गावाचं सँड मॉडेल करायला सांगा, नदी, पूल, शाळा, देऊळ, दवाखाना, गोठे सगळं. मग विचारा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलेलं? सांगलीच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. पोरं तेव्हा लहान होती पण घरात ऐकलेलं असतं, कुणाच्या भिंतीवर रेघ अजून असते. निळ्या रांगोळीनं पाण्याची हद्द आखायला लावा, त्यावरून भांडणं होतील, होऊ द्या, पुढच्या शुक्रवारी घरी विचारून या म्हणा. मग प्रश्न टाका, रस्ता बंद झालाय, या घरात आजी आहे जिला चालता येत नाही, तिथे चार म्हशी आहेत, तुमच्याकडे दहा पोरं आणि एक दोर, आधी कुठे जाल? हे दोन-तीन संध्याकाळी पुरतं. मुद्दाम अर्धवट ठेवून थांबायचं, मॉडेल झाकून ठेवायचं, मंगळवारी पोरं आपोआप येतात.

पण प्रत्येक संध्याकाळी जत्रा नको. महिन्याच्या आठ परेडांत एकच मोठा कार्यक्रम, एक पीआय स्टाफ येतील त्यांच्यासाठी, हत्यारांचं जे काय ते त्यांच्याच देखरेखीखाली, आपण एकट्यानं त्यात हात घालायचा नाही. दोन परेडा नववीच्या पोरांनी घ्यायच्या, तुम्ही लांब उभं राहायचं आणि गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड आहे. उरलेल्या साध्या.

आणि एक चूक माझी. ‘चीजें क्यों नजर आती हैं’ या धड्यासाठी मी शाळेमागच्या उसात पोरांना लपवलं. आकार, सावली, चकाकी, हालचाल, सगळं समजावलं, निम्म्यांनी लपायचं, निम्म्यांनी शोधायचं, झकास रंगलं. फक्त खेळ संपल्याची शिट्टी किती आणि कशी हे ठरवलंच नव्हतं. सगळे नाश्त्याला आले, एक वडापाव उरला तेव्हा कळलं की एक कमी आहे. ते पोर अंगाला पाचट बांधून चाळीस मिनिटं सरीत पालथं पडलेलं, बाहेर आलं ते विचारतच, ‘सर, मी जिंकलो ना?’ जिंकला होता, पण माझ्या पायातलं बळ गेलं होतं. तेव्हापासून जोडीनं लपायचं, तीन लांब शिट्ट्या म्हणजे संपलं, आणि अंधारातलं काहीही असेल तर आधी पालकांची चिठ्ठी आणि आधी-नंतर मोजणी.

ज्यांनी यायचं सोडलंय त्यांना घरी जाऊन एकदा सांगा की एनसीसीच्या ‘ए’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते. धमकी म्हणून नको. बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं.

प्रश्न: आमची शाळा पुण्यात, मुलींचा ट्रूप आहे. मैदान म्हणजे पार्किंगची जागा, आणि पावसाळ्यात तीही नाही. एक वर्ग आणि एक जिना मिळतो, वेळ तासाभराचा. यात काय होणार? (एक शिक्षिका)

उत्तर: मॅडम, जिना आहे ना, मग अर्धं काम झालं. दोन मुलींना एका ब्लँकेटवर जखमी मैत्रिणीला जिन्यावरून खाली आणायला सांगा, नुसतं सांगा, शिकवू नका. पहिल्यांदा डोकं खाली आणि पाय वर करून आणतील. मग दोन बांबू घ्या आणि स्ट्रेचर कसं करायचं ते दाखवा. जखमीला कुंकू आणि खोबरेल तेलाची जखम लावली की त्यांना अभिनयाचा चेव येतो, ती वेगळीच करमणूक.

गाठी पण वर्गात होतात. आपल्याकडे सुरगाठ-निरगाठ आई-आजीच्या हातात असतेच, तिथून सुरू करा आणि रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइनवर या. आल्या की डोळे बांधून, नंतर पाठीमागे हात नेऊन. सीपीआर उशीवर करता येतो, मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांमागे २ श्वास, आणि दोन मिनिटांनी दाब देणारी मुलगी बदलायची. दोन मिनिटं किती लांबलचक असतात हे त्यांना तिथेच कळतं. मधल्या वेळात तिसरीनं १०८ ला फोन लावल्याचं नाटक करायचं आणि पत्ता सांगायचा. हा भाग सोपा वाटतो पण शाळेचा पत्ता खुणेसकट नीट सांगणाऱ्या मुली कमीच निघतात, माझ्या ट्रूपमध्ये तर पहिल्या दिवशी एकालाही जमला नव्हता.

अजून एक, एका मुलीला चित्र द्या, दुसरीला पाठमोरी बसवा, नुसत्या बोलण्यावरून तिनं ते काढायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायची मुभा. दोन्ही चित्रं फळ्यावर शेजारी लावली की संदेशवहनाचा धडा झाला.

प्रश्न: मी नववीत आहे, यंदा सार्जंट झाले. सर म्हणाले मंगळवारची परेड तू घे. पण आठवीच्या मुली हसतात आणि माझा आवाज फाटतो. त्या माझ्या गल्लीतल्याच आहेत. काय करू?

उत्तर: अगं, हसणारच, काल तुझ्याबरोबर लगोरी खेळत होत्या. त्यांच्यावर ओरडू नकोस. जी सगळ्यात जास्त हसते तिला पहिल्या दिवशी काम दे, घड्याळ बघायचं, दोर आणून ठेवायचे, गुण लिहायचे. हात गुंतले की तोंड बंद होतं.

आवाज घशातून काढू नकोस, पोटातून काढ. घरी गच्चीवर जाऊन ‘परेड’ हे लांबवायचं, एक श्वास थांबायचं, आणि ‘सावधान’ तोडून म्हणायचं. तो मधला श्वासच महत्त्वाचा, नवे लोक तोच खातात. आणि काय घेणार आहेस ते रात्री कागदावर लिही, वेळेसकट, दहा मिनिटांचं एक जास्तीचं पण लिहून ठेव कारण सगळं ठरवल्यापेक्षा लवकर संपतं आणि मग माणूस घाबरतो.

कॉशन चुकला तर हसू नकोस, सॉरीही म्हणू नकोस. ‘जैसे थे’ म्हण आणि परत दे. उस्ताद पण तेच करतात.