वाचकांचे प्रश्न : टाळेबंदी, तिजोरी आणि शेतीची वाढ

प्रश्न : 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदी लागली आणि व्यापारी बागांकडे फिरकेनासे झाले. निर्यातीच्या प्रतीची द्राक्षे मिळेल त्या भावाने द्यावी लागली, उरलेल्या मालाचा बेदाणा केला. त्याच वर्षात राज्याची शेती 11.7 टक्क्यांनी वाढल्याचे सरकार सांगते. ही वाढ कोणाच्या शिवारात झाली?
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : आपण दिलेला आकडा मार्च 2021 मध्ये सादर झालेल्या राज्याच्या आर्थिक पाहणीतला आहे. राज्याची अर्थव्यवस्था त्या वर्षी 8 टक्क्यांनी आकुंचन पावेल, उद्योग 11.3 टक्क्यांनी व सेवाक्षेत्र 9 टक्क्यांनी घटेल आणि शेती व संलग्न क्षेत्र मात्र 11.7 टक्क्यांनी वाढेल, असा तो पूर्वअंदाज होता. हा अंदाज खोटा म्हणता येणार नाही. आपण जे विचारता आहात ते मोजण्यासाठी तो मुळात नाही, एवढेच.

विकासदर स्थिर किमतींना, म्हणजे एका ठरावीक आधारवर्षाच्या भावांना मोजला जातो; त्या वेळी हे आधारवर्ष 2011-12 होते. त्यामुळे आपला माल चाळीस रुपयांनी गेला काय किंवा दहा रुपयांनी गेला काय, किलोमागे धरले जाणारे मूल्य तेच राहते आणि पडलेल्या भावाची त्या दरात नोंदच होत नाही. शिवाय हे गणित एप्रिल ते मार्च असे चालते, त्यामुळे जानेवारी ते मार्च 2020 मध्ये उतरलेली द्राक्षे आधीच्या वर्षात जमा होतात. ते आधीचे वर्षही कसे होते, हे सांगली जिल्ह्याला सांगायला नको : ऑगस्ट 2019 चा महापूर आणि त्यापाठोपाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस. अशा खालावलेल्या पायावर 2020 चा चांगला पावसाळा आला, की टक्केवारी आपोआप उंच दिसते. माझ्या मते अशा आकड्याशेजारी शेतकऱ्याला प्रत्यक्ष मिळालेला भाव छापला पाहिजे. तो नसेल तर आकडा बरोबर असूनही वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

मदतीचे म्हणाल, तर डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झालेली दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती थकबाकीदारांसाठी होती. सोसायटीचे कर्ज वेळेत भरणाऱ्यांना 50,000 रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याची घोषणा मार्च 2020 च्या अर्थसंकल्पात झाली, पण काही दिवसांतच टाळेबंदी आली आणि ती रक्कम खात्यात पडायला 2022 साल उजाडले. महामारीचा हा फटका नियमित कर्जफेड करणाऱ्यांना बसला, आणि त्याची चर्चा फारच थोडी झाली.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. 4 मे 2020 च्या निर्णयाने नोकरभरती थांबली आणि विकासकामांना कात्री लागली. राज्याने कर्ज काढून खर्च का केला नाही? आणि 2021 च्या निर्बंधांत बांधकाम कामगार, रिक्षाचालक अशांना पंधराशे रुपये वाटून काय साधले?
— एक वाचक, सातारा

उत्तर : राज्याने कर्ज काढले नाही, असे नाही, ते हवे तेवढे काढता येत नाही. केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला संविधानाच्या अनुच्छेद 293 नुसार नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. कर्जाची मर्यादा राज्य उत्पन्नाच्या, म्हणजे राज्याच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या, 3 टक्के होती; ती मे 2020 मध्ये 5 टक्क्यांपर्यंत वाढवली गेली, पण वाढीव भागातील बराचसा हिस्सा अटींवर होता. दुसरीकडे 2020-21 साठी 3,47,457 कोटी रुपये महसुली जमेचा अंदाज होता, तो सुधारित अंदाजात 2,89,498 कोटींवर आला. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज टाळता येत नाही (मार्च 2020 चे वेतन दोन टप्प्यांत देण्यापर्यंत वेळ आली होती), म्हणून कुऱ्हाड कामांवर पडली : तरतुदीच्या केवळ 33 टक्के निधी मिळणार होता. भरतीबंदीतून सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण तेवढे वगळले होते.

जीएसटी आल्यापासून राज्याच्या हाती इंधन, मद्य, मुद्रांक असे मोजकेच कर उरले आहेत. त्यातून 1 जून 2020 पासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये वाढले, आणि सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी उतरले. बांधकामाला चालना मिळावी हा हेतू समजण्यासारखा आहे. तरीही दुचाकीवरून कामावर जाणाऱ्याने भरावे आणि फ्लॅट घेणाऱ्याचे वाचावे, ही वाटणी मला पटलेली नाही.

पंधराशे रुपये अपुरे होते, यात वाद नाही. पण 13 एप्रिल 2021 च्या 5,476 कोटींच्या पॅकेजची अधिक मोठी उणीव त्यातल्या ‘नोंदणीकृत’ या अटीत होती. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे उपकराचा निधीही होता आणि नावांची यादीही, त्यामुळे 2020 मध्येही त्यांना दोन हजार रुपये देता आले होते. रिक्षाची मदत मात्र परवानाधारकासाठी होती. दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवणारा त्यात बसत नव्हता. पाचगणी-महाबळेश्वरचे घोडेवाले आणि हॉटेलांतील वाढपी यांच्यासाठी त्या पॅकेजमध्ये वेगळा गट नव्हता. अशा लोकांच्या याद्या निर्बंध लागल्यावर करायला घेतल्या, तर पडताळणी होऊन पैसे पोहोचेपर्यंत पर्यटनाचा हंगाम संपलेला असतो.