किनाऱ्यावरच्या टाउनचा 'टाउन ऑफ कल्चर' अर्ज: सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं छोटं टाउन, रहिवाशांचा उत्साही गट, 'यूके टाउन ऑफ कल्चर' या सरकारी सांस्कृतिक किताबाच्या पुढच्या फेरीत उतरायची इच्छा, आणि स्थानिक कौन्सिल नुसतं 'बघू' म्हणतंय.

कार्यक्रमांच्या यादीपासून सुरुवात करू नका. बहुतेक गट तिथेच रमतात, आणि मग अर्ज जत्रेच्या जाहिरातीसारखा दिसतो. परीक्षकांना आधी हवं असतं ते वेगळंच: पैसे कोणाच्या खात्यात पडणार, सही कोणाची, तूट आली तर भरणार कोण. कॉव्हेंट्री 2021 ची यूके सिटी ऑफ कल्चर होती, म्हणजे शहरांसाठीचा असाच किताब तिच्याकडे होता. तिचं वर्ष मे 2022 मध्ये संपलं आणि तो सगळा डोलारा चालवणारा ट्रस्ट फेब्रुवारी 2023 मध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. त्यामुळे आता परीक्षक रोकड कशी फिरणार ते आधी विचारतील, असंच धरून चाला.

म्हणून कौन्सिलमध्ये लीडरच्या (राजकीय प्रमुखाच्या) आधी सेक्शन 151 ऑफिसरला गाठा. आर्थिक कारभाराची कायदेशीर जबाबदारी याच अधिकाऱ्यावर असते. लीडर मे महिन्याच्या निवडणुकीत बदलू शकतो. पाठिंबा आहे का, असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळेल. लेखी विचारा: अनुदानाचा हिशेब कौन्सिल ठेवणार का? हप्ता उशिरा आला तर किती रकमेपर्यंत तात्पुरती उचल देणार? कर्मचारी कोणाच्या पगारपत्रकावर? या तिन्हींवर आकडा किंवा नाव आलं नाही, तर त्या फेरीत उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतंत्र संस्था काढायची असेल तर सीआयओ (चॅरिटेबल इन्कॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन) हा धर्मादाय प्रकार बरा, पण नोंदणी चॅरिटी कमिशनकडून होते आणि तिला महिने लागू शकतात. इथे एक खाच आहे, व्हॅटची. संस्था व्हॅटसाठी नोंदलेली नसेल, तर 10,000 पौंडांची ध्वनियंत्रणा 12,000 ला पडते आणि वरचे 2,000 परत येत नाहीत. कौन्सिलला मात्र व्हॅट कायद्याच्या कलम 33 खाली बिगरव्यावसायिक कामांवरचा व्हॅट परत मागता येतो. कोणती खरेदी कोणी करायची, हे अंदाजपत्रक लिहायच्या आधी अकाउंटंटकडून ठरवून घ्या. मागाहून हेच खर्च दहा ठिकाणी डोकं वर काढतात. आकस्मिक खर्चाला 10 टक्के ठेवा आणि कार्यक्रम कितीही मोहक वाटला तरी त्याला हात लावू नका.

पाठिंब्याच्या पत्रांचंही तसंच. 'या उपक्रमाला मनापासून शुभेच्छा' अशी चाळीस पत्रं जोडण्यापेक्षा चार पत्रं आणा, ज्यांत रक्कम, जागा किंवा माणूस-दिवस लिहिलेले असतील. पूर्वतयारीसाठी आर्ट्स कौन्सिल इंग्लंडच्या नॅशनल लॉटरी प्रोजेक्ट ग्रँट्सकडे छोटा अर्ज करता येतो. तिथे साधारणपणे किमान 10 टक्के पैसे दुसरीकडून दाखवावे लागतात. असं एखादं छोटं काम पार पाडून हिशेब चोख दिलेला असेल, तर मोठ्या अर्जात त्याचं वजन पडतं.

आता समुद्र. बाहेरच्या सल्लागाराने लिहिलेले अर्ज इथे हमखास उघडे पडतात. समजा, ओहोटीच्या वाळूवर संध्याकाळी कंदिलांची मिरवणूक काढायची आहे. सल्लागार लिहितो, 'उधाणाच्या दिवशी वाळू सर्वांत रुंद, म्हणून पौर्णिमा निवडली.' पण उधाणाची ओहोटी एका बंदरात साधारण ठरलेल्या वेळीच येते. ती तुमच्याकडे भर दुपारी आणि मध्यरात्री येत असेल, तर उधाणाच्या संध्याकाळी तिथे पाणी असणार. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. ती संध्याकाळवर येईतो आठवडा उलटून भांगाचे (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचे) दिवस येतात आणि वाळू अरुंद झालेली असते. तेव्हा तारीख ठरवायच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन हार्बरमास्टरसमोर बसा.

शिवाय वाळू कोणाची, हेही पाहा. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा बऱ्याच ठिकाणी क्राउन इस्टेटचा, म्हणजे राजगादीच्या मालमत्तेचा असतो, काही ठिकाणी कौन्सिलने भाड्याने घेतलेला असतो. सरासरी उधाण-भरतीच्या रेषेखाली काही उभारायचं तर मरीन मॅनेजमेंट ऑर्गनायझेशनचा परवाना लागू शकतो. किनारा एसएसएसआय (कायद्याने संरक्षित निसर्गस्थळ) असेल तर नॅचरल इंग्लंडची संमती लागते, आणि हिवाळी पक्षी असतील तर नोव्हेंबरातला दिव्यांचा खेळ विसरा. टेम्पररी इव्हेंट नोटीस (दारू किंवा करमणुकीच्या छोट्या तात्पुरत्या कार्यक्रमाची कौन्सिलला सूचना) 21 पौंडांत देता येते, पण कर्मचारी-कलाकार धरून एका वेळी 499 माणसांपुरतीच, आणि निदान 10 कामाचे दिवस आधी द्यावी लागते. त्याहून मोठ्या कार्यक्रमाला प्रिमायसेस लायसन्स (त्या जागेचा परवाना), त्याला हरकतींसाठी 28 दिवस. तंबूवाल्याकडून किती वाऱ्याला काय करायचं, याचा लेखी आराखडा घ्या. कोणत्या वेगाला तंबू रिकामा करायचा आणि तो निर्णय कोण घेणार, हे त्यात नावानिशी हवं.

किनाऱ्यावरच्या टाउनची दुसरी अडचण नकाशावर दिसते: प्रेक्षक अर्ध्याच वर्तुळातून येतात, उरलेल्या अर्ध्यात पाणी. म्हणून शेवटची बस आणि शेवटची ट्रेन किती वाजता सुटते, हे अर्जात लिहा आणि कार्यक्रम त्याच्या अर्धा तास आधी संपवा, नाहीतर जादा बसचा खर्च धरा. उन्हाळ्यावर सगळा भार टाकू नका. ऑगस्टमध्ये खोल्या भरलेल्या असतात, कलाकारांना राहायला जागा मिळत नाही, आणि हॉटेल-कॅफेत राबणारे स्थानिक लोक नेमके त्याच आठवड्यांत सुटी घेऊ शकत नाहीत. म्हणजे 'स्थानिकांचा सहभाग' कागदावरच राहतो. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर हे तुमचे खरे महिने.

सहभागाबद्दल एक साधी कृती. टाउनमधल्या थिएटर, लायब्ररी, म्युझियमकडून गेल्या वर्षीच्या प्रेक्षकांचे फक्त पोस्टकोड मागा, नावं नकोत. ते नकाशावर टाका. जिथे ठिपके नाहीत तिथे जाऊन बोला: फूड बँक, मासेमारीचा धक्का, बिंगो हॉल, कॅरव्हान पार्क. ऑनलाइन सर्वेक्षणाला उत्तरं देणारे बहुधा आधीच तिकिटं काढणारे असतात. हाच नकाशा पुढे मूल्यमापनाची आधाररेषा म्हणून उपयोगी पडतो, त्यामुळे तारीख घालून जपून ठेवा.

मजकूर लिहिताना दहा जणांकडून मुद्दे घ्या, पण लिहू द्या एकालाच. समितीने लिहिलेला अर्ज लगेच ओळखू येतो: प्रत्येकाचं आवडतं विशेषण त्यात असतं.

आणि हरण्याचा आराखडा अर्ज पाठवायच्या आधीच ठरवा. हल शहराने 2013 च्या सिटी ऑफ कल्चर किताबासाठी अर्ज केला होता, अंतिम यादीतही नाव आलं नाही. पुढच्या फेरीत 2017 चा किताब त्यांनाच मिळाला. स्कॉटलंडमधलं पेझली 2021 साठी हरलं, तरी तिथलं सांस्कृतिक काम पुढे चालू राहिलं. तुमच्या यादीतले निदान तीन उपक्रम असे निवडा, जे किताबाशिवायही स्थानिक पैशांत होतील. निकालानंतरच्या महिन्यात त्यांतला पहिला कुठे आणि कोणाच्या खर्चाने होणार, हे सेक्शन 151 ऑफिसरच्या त्याच पत्रव्यवहारात लिहून घ्या.