अल्टरनेटरची पुली: वेल्डिंग नको आणि अख्खा डायनॅमोही नको

तुम्ही इथे टाकलेली पुली फुटल्याची तक्रार वाचली आणि वाटलं, ही तर आमचीच गाडी. तुम्ही लिहिलंय तसं, २०१५ची डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, सकाळी पहिल्या स्टार्टला चिर्र आवाज, मग बेल्टच्या कडेचे दोरे सुटायला लागले, आणि बॉनेट उघडून बघितलं तर अल्टरनेटरच्या (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या) पुलीची कड उडालेली. फिटर म्हणतो वेल्डिंग भरून लेथवर मारून देतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं पुली वेगळी मिळत नाही, अल्टरनेटर बदला. ज्यांच्याकडून गाडी घेतली ते म्हणतात वॉरंटीत बसत नाही. या तिघांपैकी एकाचंही ऐकू नका, असं माझं मत आहे.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. कोल्हापुरात राहतो, पोट भरतं ते हिशेबाच्या कामावर, आणि गाड्यांच्या नादापायी उद्यमनगरात, म्हणजे इथल्या वर्कशॉपच्या वस्तीत, उठबस असते. त्यामुळे खालचं सगळं एका गाडीचा अनुभव आणि चार जाणत्या माणसांकडून ऐकलेलं, एवढंच धरा. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, बेल्ट काढण्याआधी तो कुठून कसा फिरलाय त्याचा फोटो घ्या, हे तुम्हाला माहीत असणारच. त्यात वेळ घालवत नाही.

पहिला प्रश्न असा की तुमची पुली साधी आहे की क्लचवाली? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि बहुतेक फिटरही विचारत नाहीत. डिझेल इंजिनाचा क्रँक, म्हणजे मुख्य फिरता दांडा, एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फायरिंगला झटका देतो आणि मधे मंदावतो. अल्टरनेटर मात्र क्रँकच्या अडीच-तीन पट वेगाने फिरतो आणि आतला फिरता भाग, म्हणजे रोटर, चांगला जड असतो. क्रँक क्षणभर मंदावला तरी रोटर आपल्या जोरात पळतच राहतो. पुली साधी असेल तर ही सगळी ओढाताण बेल्टवर आणि बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर येते. म्हणून बऱ्याच डिझेल गाड्यांत एकाच दिशेला पकडणारी, म्हणजे क्लचवाली, पुली देतात. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं समजा, पायडल थांबलं तरी चाक फिरत राहतं. काहींत क्लचबरोबर आत स्प्रिंगही असते. बाहेरून ओळखायची खूण म्हणजे समोरच्या तोंडाला प्लॅस्टिकची टोपी. टोपी नसेल आणि शाफ्टवर मोठा नट दिसत असेल तर बहुधा साधी. टोपी पडून गेलेली असेल तर आत नटाऐवजी बारीक दातांची गोल खाच दिसेल, ती क्लचवाली. आणि टोपी पडलेली असणं हेच अर्ध्या दुखण्याचं मूळ, कारण तिथून चिखलपाणी आत जातं.

तपासणं सोपं आहे. बेल्ट काढा, अल्टरनेटरच्या जाळीतून आतल्या पंख्याला स्क्रूड्रायव्हर हलकासा टेकवून रोटर धरा (जोर लावला तर पातं वाकेल) आणि पुली हाताने दोन्हीकडे फिरवा. एका बाजूला ती मोकळी फिरली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला रोटरला घट्ट पकडलं पाहिजे. दोन्हीकडे घट्ट असेल तर क्लच जाम झालाय. दोन्हीकडे मोकळी फिरली तर क्लच गेलाय, मग डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवाही लागत असणार. स्प्रिंगवाली असेल तर पकडणाऱ्या बाजूला थोडा लवचीक ताण हाताला जाणवतो, तो बिघाड समजू नका.

क्लचवाली निघाली तर वेल्डिंगचा विषय तिथेच संपला. आत सुयांसारखे रोलर, ग्रीस आणि रबरी सील असतं, एका टाक्याच्या उष्णतेत सगळ्याची राख होते. साधी असली तरी मी करणार नाही. उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नरला (लेथवर काम करणाऱ्याला) मी विचारलं होतं. त्याने पुली हातात फिरवून बघितली आणि म्हणाला, "करून देतो की, पण गाडीला लावू नका." इंजिन तीन हजारांवर असताना ही पुली मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे घेते. भरलेल्या धातूचं वजन एका बाजूला जरा जास्त झालं की आधी अल्टरनेटरची बेअरिंगं बोलायला लागतात. गाडीवर असतानाच टाका मारला तर अल्टरनेटरमधले डायोडही जायची भीती. साध्या पुलीच्या अगदी बाहेरच्या कडेला नुसता ठोका असेल, बेल्ट बसतो त्या खाचांपर्यंत गेला नसेल, तर बारीक कानशीने धार मारून घ्यायला हरकत नाही. दुरुस्ती म्हणाल तर तेवढीच. खाच तुटली की पुली भंगारात.

आता वॉरंटीवाल्यांकडे येतो, कारण माझे पैसे आणि डोकं दोन्ही तिथेच गेलं. नाव घेत नाही.

गाडी पुण्याहून घेतली होती, एक वर्षाची वॉरंटी कागदावर. पुस्तिकेत झाकलेल्या पार्टांची यादी होती आणि त्यात "अल्टरनेटर" असा स्पष्ट शब्द होता. आवाज सुरू झाला तेव्हा पुली अख्खी होती, फक्त क्लच जाम. मी फोन केला. पहिल्या माणसाने सांगितलं, "सर, बेल्ट कन्झ्युमेबल आहे, पुली बेल्टला लागून येते, म्हणून तीही कन्झ्युमेबल." म्हणजे झिजून बदलायची वस्तू. या तर्काने मग क्रँकशाफ्टही कन्झ्युमेबल. मी म्हटलं, पुली अल्टरनेटरचा भाग आहे आणि अल्टरनेटर तुमच्या यादीत आहे. तेव्हा प्रकरण दुसऱ्या टेबलावर गेलं. दुसरं टेबल म्हणालं, अल्टरनेटर चार्जिंग करतोय ना? मग अल्टरनेटरला फॉल्ट नाही. म्हणजे पुली म्हणून मागितलं तर पुली यादीत नाही, आणि अल्टरनेटर म्हणून मागितलं तर अल्टरनेटर ठणठणीत. दर वेळी नवीन माणूस, नवीन तिकीट नंबर, आणि गाडीचा नंबर पहिल्यापासून सांगायचा.

शेवटी त्यांनी गाडी त्यांच्या ठरलेल्या वर्कशॉपला तपासणीसाठी न्यायला लावली. खरा घात तिथे झाला. क्लचवाली पुली रोटरच्या शाफ्टवर आट्यांनी बसलेली असते. ती उघडायला दुहेरी टूल लागतं, आतला बिट शाफ्ट धरतो आणि बाहेरचा दातेरी सॉकेट पुली फिरवतो. त्या पोराने दोन पायांचा पुलर कडेला अडकवला आणि आवळत गेला. आट्यांवर बसलेली वस्तू ओढून कशी निघेल? कड मात्र निघाली, नखाएवढा तुकडा. खाली आणखी एका जागी तडा. मग तपासणीचा अहवाल आला: "पुलीला बाह्य आघात, वॉरंटी लागू नाही." त्यांच्याच पुलरचा आघात!

माझ्याकडे एकच गोष्ट होती. आवाज दाखवायला मी आधी एक व्हिडिओ पाठवला होता आणि त्यात फिरणारी पुली अख्खी, कडेसकट दिसत होती. तो व्हिडिओ, पुस्तिकेतलं यादीचं पान आणि त्यांचा अहवाल असं तिन्ही जोडून मेल केला, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. त्यानंतर एकदम सगळ्यांचा सूर गोड झाला. मिळालं काय, तर "सदिच्छा म्हणून" पुढच्या सर्व्हिसला वापरायचं सवलतीचं कूपन. ते मी वापरलं नाही. पुन्हा त्याच वर्कशॉपला गाडी कोण देणार?

तुमच्या बाबतीत नकार फोनवर आलाय असं दिसतं. फोनवरचा नकार म्हणजे नकार नव्हे. पुस्तिकेतल्या कोणत्या कलमाखाली नाकारताय ते मेलवर मागा. बऱ्याचदा हे मागितलं की उत्तर बदलतं. गाडी कुठेही तपासणीला द्याल तेव्हा पुलीचा जवळून, तारखेसकट फोटो घ्या आणि जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या कागदावर) "पुली काढण्यापूर्वी ग्राहकाला कळवणे" असं लिहून घ्या. तोंड वाकडं करतील, करू द्या. पुढे जायचं ठरवलंत तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. मी तिथवर गेलो नाही. पुलीची किंमत आणि माझ्या सुट्ट्या यांचा हिशेब जुळेना. तुम्ही वकील नसाल तर कुणा जाणकाराला विचारून घ्या, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आता सर्व्हिस सेंटरचं "पुली वेगळी मिळत नाही". त्यांच्या यादीत ती वेगळी नसेल, हे खरं असू शकतं. बाजारात मिळते. गाडी बनवणारा अल्टरनेटर स्वतः बनवत नाही, बाहेरून घेतो, आणि पुली बनवणारा बहुतेकदा तिसराच असतो. मला सांगितलेला अल्टरनेटरचा आकडा आणि पुलीची बाजारातली किंमत यांत इतकं अंतर होतं की मी बिलाचा अंदाज पुन्हा वाचून घेतला. पुण्यात नाना पेठेत, किंवा तुमच्या गावात जिथे ऑटो इलेक्ट्रिशियन माल घेतात तिथे विचारा. दुकानात गाडीचं मॉडेल सांगून उपयोग नाही, कारण एकाच मॉडेलला वर्षाप्रमाणे दोन वेगळ्या कंपन्यांचे अल्टरनेटर लागलेले असतात. अल्टरनेटरच्या अंगावर स्टिकर किंवा कोरलेला नंबर असतो, तो घेऊन जा. जुनी पुलीही सोबत न्या.

दुकानदार खाचा मोजेल, व्यास बघेल आणि "बसते" म्हणेल. तेवढ्यावर घेऊ नका. अल्टरनेटरच्या बाजूच्या तोंडापासून पहिली खाच किती अंतरावर आहे ते दोन्ही पुल्या शेजारी ठेवून मोजा. सहा खाचा, तोच व्यास, त्याच आट्या, आणि खाचा दोन-तीन मिलिमीटर बाहेर, अशा पुल्या सर्रास मिळतात. बसते चोख, पण बेल्ट तिरका धावतो आणि पुन्हा दोरे काढतो. खाचांमधलं अंतर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फरक म्हणजे बेल्ट जवळजवळ एक खाच सरकला. व्यास लहान निघाला तर अल्टरनेटर कायम जास्त वेगाने फिरत राहणार, तेही नको.

बेल्टही नवा घ्या. दोरे सुटलेला बेल्ट नव्या पुलीवर चढवणं म्हणजे चिक्कूपणा. बेल्टवर ६पीके११८० असा काहीतरी नंबर असतो. पहिला आकडा खाचांचा, शेवटचा मिलिमीटरमधल्या लांबीचा. काही इंजिनांत हाच बेल्ट पाण्याचा पंप फिरवतो. तुमच्यात तसं असेल तर आहे तो बेल्ट लावून लांबच्या प्रवासाला निघू नका. तो घाटात तुटला तर चार्जिंग जाईल ते जाईल, इंजिनही तापेल.

बसवताना क्लचवाल्या पुलीवर इम्पॅक्ट गन (झटके देत आवळणारं मशीन) लावू द्यायची नाही. हाताने टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळायची. अशा पुल्यांना बहुधा ८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क असतो, पण तुमच्या अल्टरनेटरचा आकडा शोधून तोच धरा. टोपी न विसरता लावून घ्या. ज्याच्याकडे ते दुहेरी टूल नाही त्याला काम देऊ नका, टूल बघितल्याशिवाय गाडी सोडू नका. अल्टरनेटरचीच कामं करणारे इलेक्ट्रिशियन असतात, त्यांच्याकडे ते असतं. माझं काम अशाच एका टपरीवजा दुकानात चहा संपेपर्यंत झालं.

एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल: "क्लचवाली महाग, साधी टाकू, काही फरक पडत नाही." गाडी चालते, हे खरं. पण टेन्शनरचा हात आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) थरथरायला लागतो, आणि आधी टेन्शनर, मग बेल्ट असा खर्च मागून येतो. कंपनीने क्लचवाली दिली असेल तर क्लचवालीच घाला. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून डायनॅमो मागवायचं डोक्यात असेल तर त्यावरची पुलीही याच पद्धतीने तपासा. त्या मालावर हाताला लागेल ती पुली चढवलेली असते.

पुली बदलल्यावरही चिर्र राहिलं तर बेल्टवर साबण, पावडर किंवा स्प्रे मारू नका. इंजिन आयडलवर ठेवा, हात आणि ओढणी-बाही लांब ठेवा आणि बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर गेला तर कुठली तरी पुली रेषेत नाही. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे टेन्शनर बघा. आणि वरून ऑइल गळत नाही ना तेही बघा. आमच्या गाडीत व्हॉल्व्ह कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट थेंब थेंब करत होतं आणि ते ऑइल बेल्टवर येत होतं.

तुमच्या अल्टरनेटरच्या स्टिकरचा फोटो टाका, आकडे वाचता येतील असा. पुलीचाही समोरून एक, टोपी काढून. मग साधी की क्लचवाली ते इथेच सांगता येईल. वॉरंटीच्या पुस्तिकेतलं यादीचं पानही टाका, फक्त तुमचं नाव आणि गाडीचा नंबर झाकून.